ग्रामसभेत सगळ्यांचे हात वर, मग कचऱ्याची वसुली का होत नाही?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसकडच्या एका सरपंच ताईंचा प्रश्न आहे. गाव ६०० घरांचं, लोकसंख्या २,६०० च्या आसपास. १ मेच्या ग्रामसभेत घंटागाडी सुरू करायची आणि घरटी महिन्याला ३० रुपये घ्यायचे, असा ठराव झाला. विरोधात एकही हात नव्हता. जूनपासून गाडी रोज फिरते. पहिल्या महिन्यात जेमतेम निम्म्या घरांनी पैसे दिले, ऑगस्टमध्ये शंभरही नाहीत. ताई विचारतात, लोकांची मुळात तयारीच नाही का? की आमच्या पद्धतीत खोट आहे? आणि ज्यांनी भरले नाहीत त्यांचे दाखले अडवले तर चालतील का?

ताई, तयारी आहे. अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात गावस्वच्छतेचं काम करताना मला 'आमचं गाव घाणच राहू द्या' म्हणणारं घर भेटलेलं नाही. पण ग्रामसभेत वर झालेला हात हा त्या तयारीचा पुरावा नव्हे. हात वर करायला काही पडत नाही. समोर सरपंच, शेजारी चुलता आणि मागे सोसायटीचा चेअरमन बसलेला असताना 'मी नाही देत' म्हणणं मात्र जड जातं. शिवाय त्या दिवशी सभेत बसलं होतं कोण? पुरुष. घरात केर काढणारी, पन्नी (प्लास्टिकची पातळ पिशवी) चुलीत घालणारी, नालीत काय टाकायचं ते ठरवणारी बाई घरी होती. मुख्य सभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे, पण बहुतेक गावांत ती रजिस्टरवरच होते. तुमच्याकडे खरोखर झाली होती का, ते तुम्हालाच ठाऊक.

हा घोळ फक्त आपल्या गावांचा नाही. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यापाशी एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं आणि त्या नुकसानीची किंमत कशी लावायची यावर अमेरिकेत मोठा वाद झाला. लोकांना 'किती पैसे द्याल?' असं विचारून आलेले आकडे धरायचे का, हा त्यातला कळीचा मुद्दा. सरकारने नेमलेल्या समितीचे प्रमुख केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो हे दोघेही नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ. १९९३ च्या अहवालात त्यांचं म्हणणं होतं की मोघम 'किती द्याल' विचारू नका. ठरावीक रक्कम सांगा, मतदानासारखं हो की नाही विचारा, आणि हा पैसा दिला तर घरातला दुसरा कोणता खर्च कमी होईल याची आठवण आधीच करून द्या. कारण तोंडी कबूल केलेला आकडा हा खिशातून निघणाऱ्या आकड्यापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो. शहरातल्या कचऱ्यावर 'लोक किती द्यायला तयार आहेत' असे जे अभ्यास होतात, तेही याच चाळणीतून वाचावेत.

मी गावात विचारतो ते असं: 'सोयाबीन विकल्यावर १५० रुपये, मार्चमध्ये घरपट्टीसोबत १०० रुपये. त्यात आठवड्यातून एकदा गाडी दारात येईल, फक्त सुका कचरा नेईल. हो की नाही?' प्रश्न घरातल्या बाईला, तिच्या ओट्यावर, शेजारीण ऐकत नसताना. जी 'हो' म्हणते तिचं नाव लिहायचं आणि पुढे जायचं. जी 'नाही' म्हणते तिच्याजवळ बसायचं. कामाची माहिती तिच्याकडेच असते.

हे नकार मला जिथे जाईन तिथे जवळपास त्याच शब्दांत ऐकू येतात. 'आरोग्य कर भरतो ना आमी, मंग हे काय नवीन?' 'माह्या घरी कचरा निघतच नाई, सगळा उकिरड्यावर जाते.' 'गाडी आमच्या बोळीत येतच नाई, पैसे कायचे?' तिन्ही बाया खरं बोलतात.

पहिलीचं घ्या. कराच्या पावतीवर घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी यांच्या ओळीत आरोग्य किंवा सफाई कर छापलेला असतो. लोक तो वर्षानुवर्षं भरतात (किंवा थकवतात), आणि त्याचं काय होतं ते त्यांना कोणी सांगत नाही. आता वरून वेगळे ३० रुपये मागितले तर माणूस हिशेब विचारणारच, आणि विचारायलाच हवा. नमुना ९ (कराच्या मागणीची नोंदवही) काढून बसा, आरोग्य कराची वर्षाची मागणी किती, वसूल किती, त्यातून नाली उपसायला किती गेले, हे मोठ्या अक्षरात लिहून पारावर आणि शाळेच्या भिंतीवर लावा. रक्कम एवढी तुटपुंजी निघेल की पुढचं बोलणं सोपं होईल. आणि नव्या पैशाची पावती नमुना १० वरच (कर आणि फीच्या छापील पावतीवर) फाडा. वहीच्या चिठोऱ्यावर घेतलेले पैसे गावात 'खाल्लेले' समजले जातात, मग ते कितीही स्वच्छ असोत.

दुसरी बाई म्हणते कचरा निघतच नाही. तिच्या घरामागे जाऊन बघा. गोठा आहे, शेण आहे, उकिरडा आहे. भाजीचे देठ गुरं खातात, शिळं कुत्रं खातं, राख आणि झाडलोट खतात जाते, पऱ्हाटी आणि तुराटी (कापसाच्या, तुरीच्या वाळक्या काड्या) चुलीत. तिचा ओला कचरा तुमच्या गाडीने नेला तर ती उलट तोट्यात जाईल, कारण उन्हाळ्यात तेच खत वावरात जायचं असतं. शहराची घंटागाडी आपण जशीच्या तशी गावात आणली, हीच मूळ गफलत. नागपूरच्या फ्लॅटमधल्या माणसाला ओल्या कचऱ्याचं काही करता येत नाही. दोन दिवस गाडी आली नाही तर स्वयंपाकघरात वास सुटतो, म्हणून तो पैसे देतो. गावातल्या बाईला ती अडचणच नाही. ज्यांच्याकडे गोठा नाही, परसू नाही, अशी घरं, हॉटेलवाला, मटणवाला, यांच्यासाठी एखादं नाडेप टाकं बांधा. ही पद्धत तुमच्याच जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांची. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत भोकं ठेवलेलं विटांचं टाकं. शेण कमी आणि काडीकचरा जास्त असला तरी तीन-चार महिन्यांत खत तयार. ओल्याचा प्रश्न गावात तेवढाच. त्यासाठी रोज गाडी फिरवायची गरज नाही.

गावाला खरा त्रास आहे पन्नीचा. सकाळी कुठल्याही चौकातल्या नालीवर उभं राहून बघा. वर तरंगतं काय, तर खर्र्याच्या पन्न्या. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा, तोंडात टाकायचा आणि पन्नी बोटाने उडवायची. एकेक माणूस दिवसाला कितीतरी उडवतो. त्या पातळ असतात, ओल्या झाल्या की एकमेकींना चिकटतात आणि नालीच्या तोंडाशी त्यांचा थर बसतो. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात खालच्या मोहल्ल्यात पाणी शिरतं ते या थरामुळे. त्यात शॅम्पूच्या पुड्या, कुरकुऱ्याची पाकिटं, दुधाच्या पिशव्या, ई-क्लासवर (गावच्या सरकारी चराईच्या जमिनीवर) चरणाऱ्या गाईच्या पोटात गेलेली पोळ्या बांधून फेकलेली पिशवी. घरातला उरलेला सुका कचरा सकाळी केराबरोबर अंगणात पेटवला जातो. तुमच्या ३० रुपयांची स्पर्धा त्या काडेपेटीशी आहे. फुकटात दोन मिनिटांत जे नाहीसं होतं, त्यासाठी पैसे का द्यायचे, याचं उत्तर धुराने खोकणाऱ्या म्हाताऱ्यापासून आणि मेलेल्या गाईपासून सुरू करावं लागतं. 'स्वच्छ गाव, सुंदर गाव' या घोषणेशी केर पेटवणाऱ्या बाईला काही घेणंदेणं नसतं.

खर्र्याचं एक वेगळं सांगतो. पानठेलेवाला हा तुमचा सगळ्यात मोठा कचराकर्ता आहे आणि बहुतेक ठरावांत त्याचं नावच नसतं. पातळ पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण खर्र्याच्या पन्नीला गावात कोण हात लावतो? बंदीच्या भानगडीत लगेच पडू नका. ठेल्यावर एक टिपाड (ड्रम) ठेवायला लावा आणि घरांपेक्षा जास्त दर आधी ठेल्यांकडून घ्या. त्यांच्याकडून पैसे आले हे गावाने पाहिलं की घरांच्या वसुलीला धार येते. 'त्याले सोडलं अन् आमाले धरलं' ही तक्रार सुरुवातीलाच मिटते.

आता हिशेब. तुमची गाडी रोज फिरते. समजा दोन माणसं, रोजी ४०० रुपये, महिन्याचे २६ दिवस. मजुरीच २०,८०० रुपये झाली, वर चार्जिंग, टायर, दुरुस्ती धरून २४,००० च्या घरात. ६०० घरांनी एकही न चुकता ३० रुपये दिले तरी जमतात १८,०००. म्हणजे उद्या गावातला शेवटचा माणूसही पैसे भरायला लागला तरी तुमची गाडी तोट्यात आहे! तयारीचा प्रश्न नंतरचा.

त्याऐवजी फक्त सुका कचरा, आठवड्यातून एकदा घ्या. निम्मं गाव एका दिवशी, निम्मं दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी शेडमध्ये वेगळं करायचं काम. दोन माणसांचे मिळून आठवड्याला सहा रोज (दिवसांची मजुरी), महिन्याला २६. मजुरी १०,४००, बाकी खर्च धरून १२,०००. वर्षाला १,४४,००० रुपये, घरटी २४०. माझ्या १५० अधिक १०० च्या दराने सगळ्यांनी भरले तर दीड लाख, आणि सत्तर टक्क्यांनी भरले तर १,०५,०००. उरलेले ३९,००० ठेले, दुकानं, आठवडी बाजार आणि आरोग्य कर यांतून काढता येतात. तुमच्याकडची मजुरी वेगळी असेल तर आकडे बदला, पण हा कागद लोकांसमोर ठेवा. शेतकरी माणूस लागवडीचा खर्च आयुष्यभर मांडत आलेला असतो, त्याला हा हिशेब समजावून द्यावा लागत नाही.

सरकारी पैशाबद्दल गैरसमज नको. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद होती. तुमच्या गावाला ते होतात १,५६,०००, तेही एकदाच. त्यात गाडी येते, शेड होतं, बादल्या येतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरावीक कामांनाच वापरायच्या) निधीतूनही अशीच साधनं घेता येत होती. पण गाडी कोण चालवणार आणि त्याचा रोज कोण देणार, हे कुठल्याच योजनेत मनासारखं बसत नाही. म्हणून तर इतक्या ग्रामपंचायतींसमोर पंक्चर झालेल्या गाड्या उभ्या दिसतात. बादल्यांचं तर बोलूच नका. हिरवी न्हाणीत आणि निळी धान्यात. घरोघरी बादली वाटण्यापेक्षा खताचं रिकामं पोतं खिळ्याला टांगायला सांगा. आठवड्याचा सुका कचरा एका पोत्यात मावतो, पोतं घरात आधीच असतं आणि ते धान्याला वापरायचा मोह होत नाही.

भंगार विकून पैसे येतील, या भरवशावर बजेट करू नका. लोखंड, पुठ्ठा, बाटल्या कबाडी आधीच दारातून घेऊन जातो. गाडीत पडतं ते कबाड्याने नाकारलेलं. चॉकलेट-चिप्सच्या थर असलेल्या पाकिटांना गिऱ्हाईक नाही. असं प्लास्टिक सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून वापरता येतं आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत, पण एका गावाचं पोतंभर प्लास्टिक तिथवर नेणं परवडत नाही. ते तालुक्याच्या पातळीवरच व्हायला हवं. मिशनमध्ये तालुक्याला प्लास्टिक युनिटसाठी १६ लाखांपर्यंतची तरतूद होती. तुमच्या पंचायत समितीत त्याचं काय झालं ते बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना) लेखी विचारा. तोवर गठ्ठे बांधून शेडमध्ये कोरडे ठेवा. ई-क्लासवर नेऊन ओतलंत तर पहिल्याच वावटळीत पन्नी शेजारच्या वावरात जाईल आणि ज्या शेतकऱ्याची तयारी होती तोच विरोधात उभा राहील.

वेळेबद्दल आत्तापर्यंत मुद्दाम बोललो नव्हतो. तुमची निम्मी वसुली इथेच अडली आहे. मे मध्ये ठराव आणि जूनपासून पैसे! जूनमध्ये घरात काय असतं? बियाणं, खत, पोरांच्या वह्या, कृषी केंद्रातली उधारी. ऑगस्टमध्ये निंदण आणि फवारणीचे मजूर. त्या तीन महिन्यांत ३० रुपये मागायला आलेल्या माणसाला 'पुढच्या महिन्यात देतो' हे उत्तर मिळतं, आणि एकदा थकलं की साठ, नव्वद होत माणूस तोंड चुकवायला लागतो. पगारदाराचं महिन्याचं गणित शेतकऱ्याला लावू नये. सोयाबीन दसरा-दिवाळीला विकलं जातं, कापूस पुढे फेब्रुवारीपर्यंत थोडा थोडा. पैसा तेव्हा हातात असतो. शेतमजुराचं मात्र उलटं. त्याच्या हातात आठवड्याला बाजाराच्या दिवशी पैसा येतो, एकदम १५० त्याला जड. त्याच्याकडून बाजाराच्या दिवशी पाच-पाच रुपये घ्यायची सोय ठेवा. आणि पावसाळा वाया घालवू नका. जुलैत पाणी घरात शिरलं त्याच आठवड्यात नालीतली पन्नी उपसून लोकांसमोर ढीग लावा, 'हो की नाही' तेव्हा विचारा, पैसे दिवाळीनंतर घ्या.

तिसरी बाई, जिच्या बोळीत गाडी येत नाही, ती बहुतेक वेळा गावाच्या टोकाच्या वस्तीत राहते. रस्ता अरुंद, चिखल, म्हणून गाडी चौकातूनच वळते, आणि पैसे मात्र सगळ्यांकडून सारखे. गाडी पहिल्या दिवशी त्या वस्तीतून सुरू करा आणि चौकात शेवटी आणा. चौकातल्या घरी गाडी चुकली तर लोक बोंब मारतात, वस्तीतल्या घरी चुकली तर कोणी तुमच्यापर्यंत पोचत नाही.

हीच गोष्ट गाडीवरच्या माणसाची. कचऱ्याचं काम कोणाच्या जातीचं, हे गावाने न बोलता ठरवलेलं असतं. बचत गटाच्या बायांना काम द्यायचं म्हटलं की 'आमच्या घरची बाई लोकांचा कचरा उचलणार?' हे ऐकावं लागतं. उत्तर भाषणाने मिळत नाही. वेळेवर मजुरी, हातमोजे, बूट, आणि स्टिअरिंग बाईच्या हातात, याने थोडं थोडं बदलतं. शेजारच्या छत्तीसगडमधल्या अंबिकापूर शहरात २०१५ पासून बचत गटाच्या बायाच घरोघरचा कचरा गोळा करून वेगळा करतात आणि वापरशुल्कही त्याच घेतात. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था थेट घरांकडून पैसे घेते. केरळच्या गावांतली हरित कर्म सेनाही घरातला न कुजणारा कचराच नेते आणि त्याचं शुल्क घेते. तिन्हीकडे पैसे मागायला येणारी व्यक्ती आणि कचरा नेणारी व्यक्ती एकच आहे. ग्रामपंचायतीच्या शिपायाला 'नंतर ये' म्हणणं सोपं, काल आपलं पोतं नेलेल्या ताईला म्हणणं अवघड.

आपल्याकडे श्रमदानाची परंपरा मोठी. गाडगेबाबा तुमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, गावात पाऊल ठेवलं की आधी खराटा हातात घेणारे. त्यांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान राज्यात २००० साली सुरू झालं आणि तपासणी समिती येणार म्हटलं की गावंच्या गावं पहाटे झाडताना मी पाहिली आहेत. ती तयारी खोटी नव्हती. पण एका पहाटेचं झाडणं आणि वर्षभर पन्नी वेगळी टांगून ठेवणं यांत फरक आहे. श्रमदानात गाव दिसतं, म्हणून लोक येतात. खिळ्यावरचं पोतं कोणालाच दिसत नाही.

दोन जिनसा मात्र पोत्यात जाऊ देऊ नका. एक, फवारणीच्या बाटल्या. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात २० हून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते गावाला सांगायची गरज नाही. तरी रिकामी बाटली घरात तेलाला वापरली जाते किंवा कबाड्याला जाते. ती वावरातच तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतायचं, तळाला भोक पाडायचं आणि कुलपाच्या वेगळ्या ड्रममध्ये टाकायचं. दुसरं, सॅनिटरी पॅड आणि पोरांचे डायपर. याबद्दल पुरुषांच्या सभेत चकार शब्द निघत नाही, पण बायांची बैठक घ्या. कचऱ्यासाठी पैसे द्यायची गोष्ट बायांनी स्वतःहून काढलेली मी याच एका बाबतीत ऐकली आहे. खोल खड्डा किंवा इन्सिनरेटर (जाळायची भट्टी), शेवटची सोय आधी ठरवा, मगच उचलायला लागा.

राहिला दाखल्यांचा प्रश्न. अडवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये दाखला मागायला येतं कोण? शिष्यवृत्तीचा फॉर्म भरणारी पोरगी, घरकुलाचा अर्ज करणारा मजूर. ज्याच्याकडे चार एकर बागायत आणि दोन गाळे आहेत तो वर्षभर तुमच्या दारात येतच नाही. म्हणजे दंड नेमका ज्याची ऐपत नाही त्याला बसेल, आणि कचऱ्याचे पैसे म्हणजे अडवणूक असं गावाच्या डोक्यात पक्कं होईल. कर थकला तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये बिल, नोटीस, मग पुढची कारवाई अशी वसुलीची रीत आहे, ती थकलेल्या घरपट्टीसाठी आणि मोठ्या थकबाकीदारापासून वापरा.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा जवळ आहे. त्याआधी महिला सभा घ्या, खरी. ३० रुपयांचा ठराव मागे घ्या, आठवड्याच्या गाडीचा आणि वर्षात दोन हप्त्यांचा नवा मांडा. आणि ज्यांनी जून ते ऑगस्ट भरले त्यांचे पैसे नव्या दरात वळते करा, पावतीवर तसं लिहून. ज्याने ९० रुपये दिलेत त्याच्याकडून दिवाळीनंतर ६० च मागा. नाहीतर भरणारा मूर्ख आणि न भरणारा शहाणा ठरेल, आणि आज जी शंभरेक घरं तुमच्या बाजूने आहेत तीही जातील.